सुवर्णही आणि पदवीही

लॉस एंजेलिस ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला एकच आकडा आठवतो, एक शतांश सेकंद. ८ ऑगस्ट १९८४ रोजी महिलांच्या ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक तेवढ्याने हुकलं. रुमानियाची क्रिस्तिआना कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. चाळीस वर्षं उलटली तरी ती हळहळ ओसरलेली नाही. पण त्या शर्यतीत पहिली कोण आली, हे विचारलं की भले भले क्रीडाप्रेमी डोकं खाजवू लागतात.

पहिली आली नवाल अल मुतवक्किल. वय २२, चण लहानखुरी, देश मोरोक्को, वेळ ५४.६१. त्या देशाच्या पथकात ती एकटीच स्त्री होती. शेवटचा अडथळा पार केल्यावर ती डावीकडे पाहते, उजवीकडे पाहते. आजूबाजूला कुणीच नाही, यावर तिचाच विश्वास बसत नाही. मोरोक्कोचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. अरब जगातल्या कुठल्याही स्त्रीचंही पहिलंच. राजे हसन दुसरे यांनी तिला फोन केला, आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलींचं नाव नवाल ठेवावं असं फर्मान काढलं, असं सांगतात.

ही नवाल स्पर्धेसाठी तयार झाली ती मात्र कासाब्लांकात नव्हे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एम्स नावाच्या गावात आयोवा स्टेट विद्यापीठ आहे. ती तिथली विद्यार्थिनी होती. ऑलिंपिकच्या दोन महिने आधी तिने अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएएमध्ये, याच प्रकारात विजेतेपद मिळवलं होतं.

त्या अंतिम शर्यतीची यादी या नजरेने पुन्हा वाचावी. दुसरी आलेली अमेरिकेची जूडी ब्राऊन मिशिगन स्टेट विद्यापीठाची, आदल्या वर्षीची एनसीएए विजेती. आठवी आलेली जमैकाची सँड्रा फार्मरही अमेरिकी कॉलेजचीच खेळाडू. सुवर्ण आणि रौप्य ही लागोपाठच्या दोन कॉलेज विजेत्यांनी वाटून घेतली, असंही म्हणता येईल. तिसरी रुमानियाची, म्हणजे सरकारी यंत्रणेत घडलेली. आणि चौथी उषा. केरळच्या क्रीडा वसतिगृहातून आलेली, ओ. एम. नंबियार या एका जिद्दी प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेली, ऑलिंपिक ग्रामात भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढल्याचं पुढे स्वतःच सांगणारी. उपांत्य फेरीत ५५.५४ सेकंदांत तिने याच जूडी ब्राऊनला मागे टाकलं होतं. पायांत काहीच कमी नव्हतं.

सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी यांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता, हेही सांगायला हवं. मार्गारिता पोनोमार्योवाने त्याच जूनमध्ये ५३.५८ चा विश्वविक्रम केला होता आणि ती लॉस एंजेलिसला नव्हती. म्हणून नवालच्या पदकाची किंमत कमी होत नाही. पण इतिहास सांगताना ही चौकट सोडून चालत नाही.

नवाल एम्सला पोहोचली कशी, ही गोष्ट पदकाहून जास्त शिकवणारी आहे. तिचा जन्म १९६२ चा, कासाब्लांकातला. वडील ज्युदो खेळलेले, बँकेत नोकरीला. मुलीने चड्डी घालून मैदानात धावणं शेजारपाजाऱ्यांना न रुचण्याच्या काळात ते तिच्या पाठीशी उभे राहिले. सुरुवातीला ती १००, २०० मीटर धावायची. मग फ्रेंच प्रशिक्षकाच्या सल्ल्याने अडथळ्यांकडे वळली. आयोवाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९८३ च्या जानेवारीत, ऐन बर्फात, ही मुलगी अमेरिकेत उतरली. अरबी आणि फ्रेंच बोलणारी, इंग्रजी बेताचंच. पोहोचून फार दिवस झाले नव्हते तोच वडील मोटार अपघातात गेल्याची बातमी आली. त्या वेळी ती परत गेली असती तर कुणी तिला बोल लावला नसता.

ती राहिली. तिच्या राहण्यामागे तिची जिद्द जशी होती, तसा एक कायदाही होता. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ मजकुरात खेळाचा ठळक उल्लेखसुद्धा नव्हता. पण त्याचा परिणाम असा झाला की मुलांच्या फुटबॉलवर डॉलर उधळणाऱ्या विद्यापीठांना मुलींच्या धावण्यासाठीही शिष्यवृत्त्या काढाव्या लागल्या, प्रशिक्षक नेमावे लागले. एनसीएएने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९८१-८२ च्या हंगामापासून भरवायला सुरुवात केली. नवाल पोहोचली त्याच्या पुढच्याच वर्षी. दहा वर्षं आधी ती तिथे गेली असती तर तिच्यासाठी बहुधा काहीच नसतं. वॉशिंग्टनमध्ये झालेल्या एका कायद्याने कासाब्लांकातल्या मुलीला सुवर्णपदकाच्या रस्त्यावर आणून सोडलं. असे कायदे दुर्मीळ असतात.

अमेरिकी कॉलेजात खेळाडूला मिळतं काय? राहणं, खाणं, फी ही तर झालीच. त्याशिवाय पगारी प्रशिक्षक, दुखापत झाली तर घोटा बांधून देणारा माणूस, बर्फ पडत असतानाही धावता येईल असा छताखालचा ट्रॅक, आणि हंगामात जवळजवळ दर शनिवारी तोडीस तोड प्रतिस्पर्धी. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. कासाब्लांकात नवालला हरवणारी मुलगी उरली नव्हती. अमेरिकेत अशा मुली होत्या. पण या सगळ्याला एक अट असते. वर्गात ठरावीक श्रेणी राखली नाही, ठरलेले विषय पूर्ण केले नाहीत, तर खेळाडू मैदानात उतरू शकत नाही. पुढे तर आठवड्याला वीस तासांहून जास्त संघसराव घ्यायचा नाही, असाही नियम आला. नियमांना पळवाटा असतात, अमेरिकेत तर भरपूर आहेत, सोपे विषय निवडून वर्षं ढकलणारे खेळाडूही आहेत. पण मूळ रचना तीच. गुण नसतील तर खेळ नाही.

आपल्याकडे नेमकं उलट. खेळलास म्हणून गुण. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही योजना चांगल्या हेतूने आल्या आणि त्यांनी अनेक घरं सावरलीही. पण त्यांत एक गृहीतक दडलेलं आहे. खेळणाऱ्या मुलाचं शिक्षणात नुकसान होणारच, ते कसं तरी भरून द्यायचं. नुकसान होऊच नये अशी सोय करण्याचं काम कुणाचंच नाही.

नवालची गोष्ट ऑलिंपिकवर संपत नाही, आणि ती सरळ सुखाची होती असंही नाही. २५ नोव्हेंबर १९८५ ला मिलवॉकीत कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवून परतणाऱ्या आयोवा स्टेटच्या मुलींचं एक छोटं विमान दे मॉइन शहरात कोसळलं. सात जण गेले. त्यांत तीन धावपटू मुली होत्या, आणि नवालला घडवणारे दोन्ही प्रशिक्षक, रॉन रेन्को आणि पॅट मॉयनहन, होते. आधी वडील, मग दोन्ही गुरू. १९८७ मध्ये झाग्रेबच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतर लवकरच स्पर्धा थांबवल्या. १९८८ मध्ये पदवी हातात घेतली.

पुढची यादी बघा. १९९३ मध्ये नवाल यांनी कासाब्लांकात फक्त स्त्रियांसाठी दहा किलोमीटरची दौड सुरू केली. हजारो बाया, काही डोक्याला रुमाल बांधून, काही टोपी घालून, शहराच्या रस्त्यावर धावू लागल्या. १९९७ मध्ये त्या मोरोक्को सरकारात क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री झाल्या, २००७ मध्ये युवक व क्रीडा मंत्री. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्य. २०१२ चं ऑलिंपिक कुठे भरवायचं याची पाहणी करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष. त्या खुर्चीवर बसलेली पहिली स्त्री. रिओ ऑलिंपिकच्या तयारीवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. दुसरीकडे उषाही भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, राज्यसभेत गेल्या. म्हणजे त्या एकाच शर्यतीतल्या दोघी आज क्रीडा प्रशासनात वरच्या पायरीवर आहेत. फरक वेळेचा आहे. नवाल पस्तिशीत राज्यमंत्री होत्या. उषा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा २०२२ उजाडलं होतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की पदक हवं तर मुलाला अमेरिकेच्या कॉलेजात पाठवावं. तसं म्हणायला मोरोक्कोचाच इतिहास आड येतो.

मोरोक्कोची आजवरची ऑलिंपिक सुवर्णपदकं आठ. आठही धावण्यातली. नवालचं एक सोडलं तर बाकीची सात मध्यम आणि लांब पल्ल्याच्या पुरुष धावपटूंची, आणि त्यांतला एकही अमेरिकी कॉलेजात घडलेला नाही. नवालनंतर तीनच दिवसांनी सईद औइताने ५,००० मीटर जिंकलं. १९८८ ला ब्राहिम बुताइब, १९९२ ला खालिद स्काह, दोघेही १०,००० मीटर. मग हिशाम अल गरूझ. १९९६ मध्ये अटलांटाला शेवटच्या फेरीआधी पडलेला, २००० मध्ये सिडनीला दुसरा आलेला, आणि २००४ मध्ये अथेन्सला १,५०० आणि ५,००० मीटर ही दोन्ही सुवर्णं घेऊन गेलेला. १,५०० मीटरमधला त्याचा ३ मिनिटं २६ सेकंदांचा विक्रम १९९८ पासून कुणाला मोडता आलेला नाही. आणि अगदी अलीकडचा फेसचा सुफियान अल बक्काली, टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसचा विजेता. यांतली काही माणसं रबातच्या राष्ट्रीय केंद्रात आणि ॲटलस पर्वतातल्या इफ्रानच्या उंचीवर तयार झाली.

उलट अमेरिकी कॉलेजने धावपटूला पिळून काढल्याचीही उदाहरणं आहेत. केनियाचा हेन्री रोनो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी होता. १९७८ मध्ये त्याने ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले: ५,००० मीटर, स्टीपलचेस, १०,००० मीटर आणि ३,००० मीटर. पहिले दोन तर कॉलेजचा हंगाम चालू असतानाच. तिथे मध्यम पल्ल्याच्या धावपटूला शरद ऋतूत क्रॉसकंट्री, हिवाळ्यात छताखालच्या शर्यती, वसंतात मैदानी, असे तीन हंगाम एकामागोमाग धावावे लागतात. कॉलेजला गुण हवे असतात, म्हणून एकाच आठवडाअखेरीला तोच मुलगा १,५०० पण धावतो आणि ५,००० पण. उसाच्या चरकात एकच कांडं दोनदा घालावं, तसं. केनियाच्या बहिष्कारांमुळे रोनोला १९७६ आणि १९८० दोन्ही ऑलिंपिक हुकली. दारूने पुढची वर्षं खाल्ली.

आणि जी मुलं परत येत नाहीत त्यांचं काय? मोरोक्कोचा खालिद खन्नुशी १९९३ मध्ये बफेलोच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ५,००० मीटर जिंकला आणि तिथेच राहिला. आपल्या महासंघाशी त्याचं बिनसलं होतं. ब्रुकलिनमध्ये त्याने हॉटेलात भांडी घासली. १९९९ मध्ये शिकागोत मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा तो मोरोक्कोचा होता. २००२ मध्ये लंडनला तोच विक्रम मोडला तेव्हा अमेरिकेचा. मोरोक्कोने एक विश्वविक्रमवीर गमावला, तो अमेरिकी कॉलेजमुळे नव्हे तर आपल्याच महासंघाशी न जमल्यामुळे. हाच रस्ता नीट चालणारेही आहेत. झुहैर तालबी ओक्लाहोमा सिटी विद्यापीठासाठी धावला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मोरोक्कोकडून मॅरेथॉनमध्ये उतरला.

हल्ली या वाटेवर नवे खड्डेही आहेत. २०२१ पासून अमेरिकी कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावता येतात. पण विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी मुलांना अशी कमाई करणं जोखमीचं, कारण त्यांना काम करण्यावर निर्बंध आहेत. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर शिष्यवृत्त्यांवरची जुनी मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात किती खेळाडू ठेवायचे यावर मर्यादा आली. त्यामुळे जागा आटतील आणि आधी बाहेर निघतील ती फुटबॉलची नव्हे, तर धावणारी मुलं, अशी धास्ती आहे. खोटी नाही ती.

मग अमेरिकी कॉलेजने नवालला नेमकं दिलं काय? पदक दिलं, हे अर्धसत्य. औइता, अल गरूझ आणि अल बक्काली यांनी कॉलेजशिवाय पदकं आणली. कॉलेजने तिला पंचविशीनंतरचं आयुष्य दिलं. पदवी, भाषा, परदेशातल्या बैठकीत न बिचकता बोलण्याची सवय, आणि ट्रॅकबाहेरची ओळख. ज्या वयात बहुतेक धावपटूंचे गुडघे बोलू लागतात आणि महासंघाचे फोन बंद होतात, त्या वयात तिच्यापुढे करायला काम होतं.

भारतात याची चव काही जणांना मिळाली आहे. तिहेरी उडीतले मोहिंदर सिंग गिल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या कॅल पॉली कॉलेजकडून खेळले. अलीकडे दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकला, उंच उडीत दोनदा एनसीएए विजेता ठरला, पदवीनंतर तिथल्या एका बड्या सल्लागार कंपनीत नोकरी करता करता बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत डिकॅथलॉनचं रौप्य घेऊन आला. नोकरी आणि डिकॅथलॉन एकत्र! आपल्याकडे हे ऐकून प्रशिक्षक कानावर हात ठेवतील.

महाराष्ट्राकडे वळायचं तर अल बक्कालीच्याच शर्यतीतून वळू. पॅरिसच्या त्या अंतिम स्टीपलचेसमध्ये बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे अकरावा आला. या गड्याने बारावीनंतर महार रेजिमेंट गाठली, सियाचिनला चाकरी केली, आणि धावण्याची खरी सुरुवात लष्कराच्या क्रॉसकंट्रीतून केली. त्याला घडवलं ते लष्कराने, विद्यापीठाने नव्हे. रिओत याच प्रकारच्या अंतिम फेरीत दहाव्या आलेल्या साताऱ्याच्या ललिता बाबर यांना राज्य सरकारने महसूल खात्यात नेमणूक दिली. लष्कर, रेल्वे, पोलीस, महसूल. आपल्या धावपटूंचे मायबाप हेच. त्यांचे उपकार मोठेच. पण ज्यांना ही नोकरी लागत नाही, म्हणजे राज्यस्तरावर चौथी-पाचवी येणारी शेकडो मुलं-मुली, त्यांच्या हातात वयाच्या चोविसाव्या वर्षी काय उरतं? पदकांची एक थैली, एक धूसर फोटो आणि अर्धवट सुटलेलं दुसरं वर्ष.

आपल्याकडे कॉलेज आणि खेळाडू यांचं नातं कधीच नव्हतं असं मात्र नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका प्राचार्याच्या घराच्या तारणावर आलं. आजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकावं असं कुणी म्हणत नाही. त्यांनी परीक्षेचं वेळापत्रक हलवलं तरी पुरे.

कारण अडतं ते तिथे. राज्यातली ‘अश्वमेध’ ही आंतरविद्यापीठ स्पर्धा असो की खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा, स्पर्धा आणि सत्र परीक्षा एकाच आठवड्यात आल्या की मुलगी काय निवडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दोन्हीकडून ओरडा तिलाच बसतो. श्रीमंत देशाशी तुलना नको, असं लगेच उत्तर येईल. पण इथे मागणं छताखालच्या ट्रॅकचं नाहीच. स्पर्धेमुळे हुकलेली परीक्षा पंधरा दिवसांत पुन्हा घ्यावी. वसतिगृहात खेळाडूंसाठी पोटभर आणि वेळेवर मेस असावी. प्रशिक्षक तासिका तत्त्वावर न नेमता वर्षभरासाठी नेमावा. मुलगी धावते म्हणून तिला उत्तीर्ण करू नये, आणि धावते म्हणून नापासही होऊ देऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक आणि मधे थांबून पुन्हा शिकण्याची मुभा आहे. ती खेळाडूंसाठी वापरायला आणखी कुठला शासन निर्णय हवा आहे?

२०२३ मध्ये हांगझोऊत विद्या रामराजने ४०० मीटर अडथळे ५५.४२ सेकंदांत पार केले. उषाचा लॉस एंजेलिसचा विक्रम एकोणचाळीस वर्षांनी गाठला गेला, मोडला गेला नाही. इतका काळ एकच आकडा टिकून राहिला, याचं श्रेय उषाचं आणि लाज व्यवस्थेची.

म्हणून राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने यंदाच्या प्रवेशांबरोबर एक साधी माहिती फलकावर लावावी. गेल्या पाच वर्षांत खेळाडू कोट्यातून किती मुलं-मुली आली, आणि त्यांतली किती पदवी घेऊन बाहेर पडली. पालकांनी अर्ज भरण्याआधी क्रीडा विभागाच्या खिडकीवर हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर लेखी मागावं.